पॅटिसात सोडा नसतो

‘एवढं फुगतं म्हणजे सोडा किती घालत असतील!’ बेकरीत रांगेत पुढे उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या. पॅटिसच्या पिठात सोडा नसतो आणि यीस्टही नसतं. ते फुगतं निव्वळ पाण्यावर.

मैद्याच्या पोळीत लोण्याची थंडगार लादी गुंडाळायची, लाटायची, तीनपदरी घडी घालायची. पुन्हा लाटायची, पुन्हा घडी. भट्टीत पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि तिला पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा लागते. मधल्या लोण्यामुळे पदर एकमेकांना चिकटलेले नसतात, म्हणून वाफ एकेक पदर उचलत जाते. तोवर स्टार्च शिजतो, ग्लुटेन (मैद्यातलं चिवट प्रथिन) घट्ट होतं आणि उचललेला पदर तसाच राहतो. साट्याच्या करंजीला पदर सुटतात तेही असेच, फक्त तिथे तूप-पिठीचा साटा आणि भट्टीऐवजी कढई.

आता गंमत घड्यांची. दर घडीला लोण्याचे थर तिप्पट होतात. चार घड्यांत ८१, सहा घड्यांत ७२९. पोळी शेवटी ६ मिलिमीटर जाडीची लाटली, तर ८१ थरांच्या पोळीत मैदा आणि लोणी या जोडीच्या वाट्याला सुमारे ७४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) येतात, म्हणजे साधारण केसाची जाडी. ७२९ थरांत जेमतेम ८. पण गव्हाच्या स्टार्चचे मोठे कणच १० ते ३५ मायक्रॉनचे! कणापेक्षा पातळ पदर अखंड राहणार कसा? तो फाटतो, शेजारच्या पदराला चिकटतो, वाफ निसटते. म्हणून ‘जितक्या घड्या तितकं खुसखुशीत’ हा हिशोब एका मर्यादेपुढे चालत नाही.

जाता जाता, ‘मैदा आतड्याला चिकटून बसतो’ हा व्हॉट्सॲपवरचा शोध. मैदा म्हणजे स्टार्च आणि प्रथिनं, पोळीसारखाच पचतो. त्यात तंतू कमी, ही तक्रार मात्र खरी. आणि पॅटिसात काळजी करायचीच तर ती लोण्याची किंवा डालड्याची करावी.

मी पहिल्यांदा पॅटिस केलं ते मे महिन्यात. लोणी ३५ अंशांच्या आत-बाहेर वितळतं आणि ओट्याजवळ उकाडा तेवढाच होता. तिसऱ्या लाटण्यालाच लोणी कडेने गळू लागलं. पुढच्या खेपेला प्रत्येक घडीनंतर पोळी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवली, बटाट्याची भाजीही पूर्ण गार करून भरली. तरी दोन पॅटिस एका बाजूला कलली. वरून लावलेलं दूध कापलेल्या कडेवर ओघळलं होतं, तिथले पदर चिकटून बसले होते.