आजोबांची फियाट ‘विंटेज’ म्हणून रजिस्टर करायचीय? पाना उचलायच्या आधी हे वाचा

ताडपत्रीखाली वीस-पंचवीस वर्षं उभी असलेली गाडी बाहेर काढली की घरातल्या प्रत्येकाला आधी रंग सुचतो. आमच्याकडेही तेच झालं, गाडी १९६८ची फियाट ११०० डिलाइट, स्टीअरिंगला गिअर असलेली, आणि घरात पंधरा दिवस चर्चा कसली तर क्रीम की काळा. आरसी बुक कुठंय हे कोणी विचारलंच नाही. तर मी इथे जे लिहितोय ते त्या पंधरा दिवसांत कोणीतरी सांगायला हवं होतं असं सगळं आहे: आधी कागद, मग गॅरेज. उलटं केलंत तर गाडी सुंदर होईल पण विंटेज होईलच असं नाही.

आधी विंटेज म्हणजे काय ते बघू, कारण इथे लोकांचा भयंकर गोंधळ असतो. गाड्यांचे शौकीन लोक विंटेज म्हणतात ते साधारण १९१९ ते १९३०च्या काळातल्या गाड्यांना. इन्शुरन्सच्या जुन्या मोटर टॅरिफमध्ये विंटेजची सवलत होती ती १९४० संपेपर्यंत बनलेल्या गाड्यांना. आरटीओला या दोन्हीशी काही घेणंदेणं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१मध्ये जी दुरुस्ती झाली, नियम ८१ए आणि पुढचे, त्यात सरळ लिहिलंय की पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, खाजगी वापराची, मूळ स्वरूपात ठेवलेली, आणि चासी (गाडीचा खालचा सांगाडा), बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार असलेलं मोठं काम न झालेली, ती विंटेज.

यात दोन गोष्टी नीट वाचा. एक, ५० वर्षं मोजायची ती पहिल्या रजिस्ट्रेशनपासून, गाडी कारखान्यातून कधी बाहेर पडली त्यापासून नाही. गाडी ७५ साली बनली आणि ७७ला रजिस्टर झाली असेल तर तुम्हाला २०२७पर्यंत थांबायचंय. गंमत म्हणजे पद्मिनी हे नावच, म्हणजे याच फियाटचं पुढचं नाव, १९७४ला आलं, त्यामुळे ज्या गाडीला आपण लहानपणी टॅक्सी म्हणून हात करायचो तिच्यातल्या अगदी पहिल्या गाड्या आता कुठे या वयात बसायला लागल्यात (टॅक्सी नाही हां, खाजगीच). डुक्कर फियाट, लँडमास्टर, जुनी अँबेसेडर, हेराल्ड यांचा वयाचा प्रश्नच नाही.

दुसरी गोष्ट ‘मूळ स्वरूप’, आणि खरी माती इथेच होते. पेट्रोल महाग झालं तेव्हा कित्येकांनी अँबेसेडर आणि जीपमध्ये डिझेल इंजिन टाकून घेतलं होतं, तेव्हा ती हुशारी होती, आज तीच अडचण आहे. आणि आता रिस्टोरेशन करतानाही मेकॅनिक फार प्रेमाने सांगतो, की साहेब जुनं इंजिन कशाला, मारुतीचं बसवून देतो, फाइव्ह स्पीड, एसी पण चालेल. चालेल हो, पण मग विंटेजचं विसरा. इंजिनाच्या त्याच ब्लॉकला रिबोअर करून (सिलिंडर आतून थोडे मोठे करून) ओव्हरसाइज पिस्टन घातले, हेड फेस केलं, बेअरिंगं बदलली तर इंजिन नंबर तोच राहतो आणि इंजिनही तेच राहतं. फ्लोअर सडलाय म्हणून पत्रा तुकडा लावून वेल्ड करणं वेगळं आणि बॉडी कापून दाराची ठेवणच बदलणं वेगळं. मी तर म्हणेन पहिला नट सैल करायच्या आधी गाडीचे सगळीकडून फोटो काढा, चासी नंबर, इंजिन नंबर, बॉनेटखालची पत्र्याची प्लेट सगळं जवळून. चासी नंबर ज्या भागावर ठोकलेला असतो तिथे ग्राइंडर लावू देऊ नका, पेंटरला आधीच बजावून ठेवा. आमच्याकडे त्यावर पुट्टी बसली होती आणि ती खरवडताना माझा जीव वरखाली होत होता, कारण रजिस्ट्रेशनच्या अर्जावर, म्हणजे फॉर्म २०वर, चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट लागतो, म्हणजे कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची, आणि अंक उमटले नाहीत तर इन्स्पेक्टर समोर उभा राहून विचारणार ना.

आता कागद. गाडी आजोबांच्या नावावर आणि आजोबा नाहीत ही सगळ्यात कॉमन केस. विंटेजचा अर्ज मालकाने करायचा असतो, त्यामुळे आधी वारसाच्या नावावर ट्रान्सफर. त्यासाठी फॉर्म ३१. नियमाप्रमाणे मालक गेल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि ३ महिन्यांत अर्ज करायचा असतो, प्रत्यक्षात आपण तीस वर्षांनी जातो, तेव्हा उशिराचा दंड धरूनच चाला. सोबत आरसी, इन्शुरन्स, मृत्यू दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि बाकी वारसांची ना हरकत, बहुतेक ठिकाणी स्टॅम्प पेपरवर अॅफिडेव्हिट मागतात. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, कागदामुळे नाही, माणसांमुळे. जी गाडी तीस वर्षं कोणाला नको होती ती तुम्ही सहीला गेलात की अचानक सगळ्यांना आठवते. आत्याकडे मी तीनदा गेलो, तिसऱ्यांदा ती म्हणाली, पहिली चक्कर मला मारायची, मग सही. हा भाग गाडी खोलायच्या आधी करा, चकचकीत झाल्यावर ना हरकत मिळणं जास्त अवघड असतं एवढंच सांगतो.

गाडी कोणाकडून विकत घेतली असेल आणि मालक हयात असेल तर फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या राज्यातली असेल तर मूळ आरटीओची एनओसी, तो फॉर्म २८. कधीकाळी बँकेचं कर्ज होतं आणि आरसीवर हायपोथिकेशनची नोंद तशीच राहिलीय, तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. आणि ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असली तर नव्या बँकेकडून घ्यायचं, तिथे काउंटरवरच्या पोराला १९७१चं कर्ज म्हटल्यावर हसू येतं, येऊ दे.

आरसी बुक हरवलंय? पोलिसांत मिसिंगची नोंद आणि फॉर्म २६, डुप्लिकेटसाठी. पण जुन्या गाड्यांत अजून एक पायरी असते जी कोणी सांगत नाही. एमएच सिरीज १९८९ला सुरू झाली, त्याआधीचे ते तीन अक्षरी नंबर मोठ्या मोठ्या रजिस्टरांत शाईने लिहिलेले आहेत आणि त्यातल्या खूप गाड्या ‘वाहन’ नावाच्या सरकारी ऑनलाइन सिस्टीममध्ये चढलेल्याच नाहीत. ऑनलाइन नंबर टाकला की रेकॉर्ड सापडत नाही असं येतं आणि माणूस घाबरतो. घाबरू नका, ज्या आरटीओत गाडी रजिस्टर झाली तिथे बॅकलॉग एंट्रीसाठी अर्ज द्या, ते जुनं रजिस्टर काढून नोंद ताडून सिस्टीममध्ये चढवतात. जिल्ह्यांची आणि आरटीओंची विभागणी झालेली असते, तेव्हा रजिस्टर नेमकं कुठल्या ऑफिसात गेलंय हे शोधणंच एक काम. मला एका ऑफिसातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून परत पहिल्यात पाठवलं होतं, शेवटी पहिल्याच ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये रजिस्टर मिळालं. घरी जुनी टॅक्सची पावती, इन्शुरन्सचं कव्हर नोट, काहीही असलं तरी घेऊन जा, तारीख सापडली की त्यांनाही पान शोधायला सोपं जातं.

एवढं झालं की मुख्य अर्ज सोपाच आहे खरं तर. परिवहन पोर्टलवरून फॉर्म २०, त्याला चालू इन्शुरन्स, फी, आधी भारतात रजिस्टर असेल तर जुनी आरसी, आणि गाडी इम्पोर्टेड असेल तर कस्टम्सची बिल ऑफ एंट्री. बाकी पत्ता, पॅन, फोटो हे नेहमीचं. नव्या रजिस्ट्रेशनची फी २०,००० रुपये, पुढे रि-रजिस्ट्रेशनला ५,०००. सर्टिफिकेट फॉर्म २३एमध्ये मिळतं, अर्जापासून ६० दिवसांत द्यायचं असा नियम आहे, आणि ते १० वर्षं चालतं. नंबरचं म्हणाल तर जुना नंबर असेल तर तोच राहतो, आणि मला विचाराल तर ५० वर्षांच्या गाडीचा अर्धा रुबाब त्या नंबरात असतो, तो सोडू नका. भारतात कधी रजिस्टरच न झालेल्या गाडीला मात्र नवा नंबर मिळतो, आपल्याकडे एमएच, मग व्हीए, मग दोन अक्षरं आणि चार आकडे, त्यातलं व्हीए म्हणजे विंटेज.

इन्शुरन्सवाल्यांकडे ऑनलाइन मॉडेलच दिसत नाही, तेव्हा ऑफिसात जाऊन बसा. थर्ड पार्टी तर लागतोच, पण ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा) घेताना गाडीची किंमत कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवायची असते, तिथे ते वीस हजार लिहायला बघतात, तुम्ही कामाची बिलं समोर ठेवा. पीयूसीसाठी कार्बुरेटर नीट लावून घ्या, इतक्या जुन्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतं, ट्यूनिंग बरं असेल तर फियाटचं १०८९ सीसीचं इंजिन आरामात बसतं त्यात.

पार्ट शोधायचं सांगतो थोडक्यात, तो वेगळाच छंद आहे. मुंबईचा चोर बाजार, चेन्नईचं पुदुपेट, कोलकात्याचा मलिक बाजार, दिल्लीचं मायापुरी इथे फिरायला मजा येते, अँबेसेडरचं काही हवं असेल तर कोलकाता, गाडी तिकडेच बनायची ना. ती मूळची मॉरिस ऑक्सफर्ड त्यामुळे काही माल इंग्लंडातून येतो, फियाटचं रबर बीडिंग, लेन्स, बॅज इटलीतून मागवता येतात. कुरियरने आलेल्या मालाची कस्टम्सची पावती फाइलला लावा. स्वतःच्या गाडीसाठी मागवायला इम्पोर्ट कोडची गरज नसते. पण एक गोष्ट बाजारातून कधीही बिलाशिवाय उचलू नका, नंबर ठोकलेला इंजिन ब्लॉक. तो कुठल्या चोरीच्या गाडीचा निघाला तर तुमची गाडी पोलीस स्टेशनच्या आवारात उभी राहील. ब्लॉक बदलणं खरंच गरजेचं असेल, म्हणजे फुटलाच असेल, तर आधी आरटीओची परवानगी काढा, कायद्याचं कलम ५२, मग त्याच मॉडेलचा ब्लॉक घ्या आणि नवा नंबर आरसीवर चढवून घ्या. विंटेजच्या अर्जात यावर प्रश्न येणारच, तेव्हा जुन्या ब्लॉकचे फोटो आणि परवानगीचा कागद फाइलमध्ये पाहिजे.

आणि हे सगळं करायच्या आधी एकदा स्वतःला विचारा की गाडीचं करायचंय काय. विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, तिथे जाणं-येणं, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. लग्नाच्या वरातीला भाड्याने देणार असाल तर नाहीच. दर रविवारी सगळ्यांना घेऊन फिरायचं असेल तर विंटेजच्या नादी लागू नका, साधं पाच वर्षांचं रिन्यूअल करा, फॉर्म २५, फिटनेससाठी गाडी दाखवायची, पर्यावरण कर भरायचा. आम्ही शेवटी तेच केलं. आत्याची चक्कर अजून बाकी आहे, रेडिएटर कॅप इटलीहून निघालीय म्हणे.