55 कोटी: दान नव्हे, ठरलेला वाटा

"गांधीजींनी उपोषण करून पाकिस्तानला 55 कोटी दान द्यायला लावले." मुंबईत हे अजूनही छातीठोकपणे सांगितले जाते. ते चूक आहे.

फाळणीच्या वेळी अखंड भारताच्या तिजोरीत सुमारे 400 कोटी रुपये रोख होते. त्यातले 75 कोटी पाकिस्तानच्या वाट्याचे. 20 कोटी ऑगस्ट 1947 मध्येच दिले. उरलेल्या 55 कोटींचा करार डिसेंबरात झाला. तेव्हा उपोषण कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

अडले ते काश्मीरमुळे. पैसा लढाईत आपल्याविरुद्धच वापरला जाईल, म्हणून सरदार पटेलांनी तो रोखला, आणि ही भीती रास्त होती. मुंबईत मुख्यालय असलेली रिझर्व्ह बँकच तेव्हा दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक होती. पाकिस्तानची स्वतःची 1 जुलै 1948 ला सुरू झाली. म्हणजे रक्कम फक्त खात्यातून खात्यात वळवायची होती.

13 जानेवारी 1948 ला उपोषण सुरू झाले ते दिल्लीतल्या हिंसाचाराविरुद्ध. त्यामुळे रक्कम लवकर सुटली, हे खरे. सरकारने 15 तारखेला ती देण्याचे जाहीर केले, तरी उपोषण चालूच राहिले. 18 तारखेला सर्व समाजांच्या पुढाऱ्यांनी शांततेची लेखी हमी दिली, तेव्हाच ते सुटले. त्या हमीत पैशांचा उल्लेखही नाही.