आतड्यांची खाटेजवळील सोनोग्राफी

पोटदुखीच्या रुग्णाला सोनोग्राफी विभागात न हलवता, उपचार करणाऱ्या डॉक्टरनेच खाटेशेजारी यंत्र आणून केलेली आतड्यांची पाहणी. सबंध पोटाचा अहवाल देणे हा तिचा हेतू नसतो. अपेंडिक्स सुजले आहे का, आतडे अडले आहे का, अशा एखाद्या नेमक्या प्रश्नापुरतीच ती असते.

आतड्यातील हवा हा यातला मोठा अडसर, कारण ध्वनिलहरी तिच्यापलीकडे नीट जात नाहीत. प्रोबचा (पोटावर टेकवायच्या यंत्राच्या भागाचा) दाब हळूहळू वाढवून हवा बाजूला सारायची पद्धत डच क्ष-किरणतज्ज्ञ पॉयलार्ट यांनी १९८६ मध्ये अपेंडिक्ससाठी मांडली. निरोगी अपेंडिक्स दाबाखाली चपटे होते. सुजलेले दबत नाही आणि त्याचा बाहेरचा व्यास ६ मिमी.पेक्षा जास्त भरतो. अपेंडिक्स सापडलेच नाही, तर मात्र ‘नॉर्मल’ असे लिहू नये. नवशिके नेमके तेच करतात.

अडलेले लहान आतडे २.५ सेंमी.हून अधिक फुगते व त्यातील द्रव पुढेमागे हेलकावताना दिसतो. साध्या एक्स-रेपेक्षा ही तपासणी येथे सरस ठरते. तान्ह्या मुलांत आतड्यात आतडे शिरल्यास आडव्या छेदात एकात एक वर्तुळे दिसतात.

आतड्याची भिंत ३ मिमी.पेक्षा जाड असणे हे दाहाचे लक्षण. लहान व मोठे आतडे जिथे जुळते तिथली भिंत जाड दिसली, की परदेशी पाठ्यपुस्तकांना आधी क्रोन्स रोग (आतड्यांचा दीर्घकाळ चालणारा दाह) आठवतो. सांगली-मिरजेच्या वॉर्डात आधी क्षय आठवायला हवा. सोबत पोटात पाणी व लसीकाग्रंथींच्या मोठ्या गाठी असल्या तर संशय बळावतो, पण दोहोंतला फरक सोनोग्राफी ठरवू शकत नाही. त्यासाठी कोलोनोस्कोपी करून, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून, आतड्याचा तुकडा तपासावा लागतो.

मिरजेत १८९४ मध्ये वानलेस रुग्णालय सुरू झाले व १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी सोनोग्राफीतज्ज्ञ हाताशी असतो. खरी गरज सांगली जिल्ह्यातल्याच जत, आटपाडी तालुक्यांकडे रात्री पोट धरून आलेल्या माणसाला आहे. पण यंत्र पिशवीत घालून गावोगाव नेता येत नाही. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या २०१२ च्या नियमांनुसार ते नोंदणी झालेल्या जागेतच, तेथे दाखल असलेल्या रुग्णांसाठी वापरता येते. सर्वसाधारण आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाला तेवढी सवलत आहे. म्हैसाळचे २०१७ चे बेकायदा गर्भपातांचे प्रकरण पाहिलेल्या जिल्ह्याला या कडकपणाचे कारण सांगावे लागत नाही. या कायद्याखालचा नोंदीचा ‘एफ’ फॉर्म फक्त गरोदर स्त्रीच्या तपासणीला लागतो; यंत्राची नोंदणी मात्र पुरुषाचे अपेंडिक्स पाहायचे असले तरी लागतेच.