पेडल कडक, ब्रेक मात्र कमजोर

ब्रेकचं काम करून घेतलं की बहुतेक जण पहिली परीक्षा उभ्या गाडीतच घेतात. पेडल दाबायचं, पाय वरच्या वरच घट्ट अडला की ब्रेक दणकट झाले म्हणायचं. ऑफरोडसाठी गाडी सजवणाऱ्यांत हा समज फार पक्का आहे, आणि तो अनेकदा सत्याच्या नेमका उलट असतो. पेडल कडक लागणं आणि गाडी लवकर थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी का आहेत, हे कळायला शाळेत शिकलेला पास्कलचा नियम आणि थोडा गुणाकार पुरतो.

सुरुवात टायरपासून करू, कारण ब्रेक सहसा तिथेच बिघडतात. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला, म्हणजे धातूच्या तबकडीला, कॅलिपर आपल्या पॅडांच्या चिमटीत धरतो आणि चाकाचा पीळ (टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर) अडवतो. या पिळाला टायरच्या त्रिज्येने भागलं की जमिनीवर गाडी रोखणारा जोर मिळतो. २९ इंची टायरची त्रिज्या ३६८ मिमी. त्या जागी ३३ इंची टायर बसवला की ती ४१९ मिमी होते. ब्रेकच्या एकाही भागाला हात न लावता जमिनीवरचा जोर १२ टक्क्यांनी घटला. शिवाय मोठा टायर वजनदार, आणि त्याचं वजन कडेला, म्हणजे फिरतं चाक थांबवायला वेगळी ताकद लागते ती निराळीच. मोठा टायर हा ब्रेकचाही बदल आहे, हे टायर घेतानाच लक्षात घ्यायला हवं.

आता हा १२ टक्क्यांचा तोटा भरून कसा काढायचा? इथे ब्रेकमधला सगळ्यात सुंदर हिशेब सुरू होतो.

पायाचा जोर पेडलच्या तरफेने आणि बूस्टरने वाढून मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडलपाशी ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या पंपाच्या, दांड्यावर येतो. समजा तो ३००० न्यूटन आहे. मास्टर सिलिंडरचा व्यास २३.८ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ ४४५ चौरस मिमी. दाब झाला ६.७ मेगापास्कल. हाच दाब पाइपातून जसाच्या तसा कॅलिपरपर्यंत जातो. तिथे ५७ मिमी व्यासाचा एक पिस्टन आहे, क्षेत्रफळ २५५२ चौरस मिमी. पॅड डिस्कवर दाबला जातो सुमारे १७,२०० न्यूटनने. ३००० चे १७,२०० झाले, पण फुकट काहीच मिळालेलं नाही. जोर जितक्या पट वाढला तितक्याच पट अंतर कमी झालं. कॅलिपरचा पिस्टन केसभर सरकवायला मास्टरच्या पिस्टनला पावणेसहा केस सरकावं लागतं, आणि गाडीत कॅलिपर एकच नसतो. जोर हवा असेल तर पेडलची चाल मोजावीच लागते.

म्हणूनच मोठा मास्टर सिलिंडर फसवतो. २३.८ ऐवजी २५.४ मिमीचा बसवला तर थोड्याशा चालीतच पुरेसं ब्रेक ऑइल ढकललं जातं, म्हणून पेडल वरच अडतं आणि कडक लागतं. पण तेवढ्याच जोराला दाब मिळतो ५.९ मेगापास्कल, म्हणजे आधीपेक्षा १२ टक्के कमी. त्यात टायरचे १२ टक्के. दोन्ही मिळून जवळपास पाव ब्रेक गेला, आणि चालकाला मात्र तो सुधारल्यासारखा वाटतो.

दुसरी फसगत ‘चार पिस्टनचा कॅलिपर’ या शब्दांत आहे. चार पिस्टन म्हणजे चौपट, निदान दुप्पट जोर, असं जाहिरात सुचवते. एक वही भिंतीला टेकवून तळहाताने दाबा. भिंतही वहीला तितक्याच जोराने उलट दाबते. आता भिंतीच्या जागी दुसऱ्याचा तळहात ठेवा आणि त्याला तुमच्याइतकंच दाबायला सांगा. वहीवरचा दाब वाढला का? नाही. एका पिस्टनच्या सरकत्या कॅलिपरमध्ये पलीकडची बाजू भिंतीचं काम करते. चार पिस्टनच्या स्थिर कॅलिपरमध्ये ती दुसऱ्या हाताचं काम करते. म्हणून तुलना करताना पिस्टन एकाच बाजूचे मोजायचे. प्रत्येकी ४२ मिमीचे दोन पिस्टन म्हणजे २७७१ चौरस मिमी. जुन्या एकट्या ५७ मिमीपेक्षा जेमतेम साडेआठ टक्के जास्त, आणि तेवढी पेडलची चालही वाढली. चार पिस्टनचे इतर फायदे खरे आहेत: पॅड मोठा, दाब सगळीकडे सारखा, कॅलिपर कमी फाकतो. पण दुप्पट जोर हा त्यांपैकी नव्हे.

मग चाल न वाढवता जोर वाढतो कशाने? डिस्कच्या व्यासाने. पॅडच्या मध्यापासून चाकाच्या केंद्रापर्यंतचं अंतर १२० मिमीवरून १३६ मिमी केलं की पीळ १३ टक्क्यांनी वाढतो आणि टायरने खाल्लेलं सगळं परत मिळतं. पेडलची चाल तीच. किंमत वेगळ्या जागी चुकती करावी लागते: डिस्कचा व्यास ३२ मिमीने वाढतो, कॅलिपर बाहेर सरकतो आणि तो लहान रिममध्ये मावत नाही. म्हणून आधी रिमची आतली जागा मोजावी, मगच डिस्क मागवावी. कॅलिपर आणि रिममध्ये निदान ३-४ मिमी फट हवी, नाहीतर अडकलेला खडा रिम खरवडतो. भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला छान असतात, पण चिखलात ती भोकं बुजतात आणि तापलं की त्यांच्या कडांपासून तडे जातात. या कामाला साधी, आतून हवा खेळणारी जाड डिस्कच उत्तम. कॅलिपरला लाल रंग दिल्याने तर एक अंशही उष्णता कमी होत नाही.

उष्णतेचा हिशेबही करून पाहा. दोन टनांची गाडी ताशी ८० किमीवरून थांबवताना सुमारे ४९४ किलोजूल ऊर्जा उष्णतेत जाते. तीच गाडी ३०० मीटर उंचीचा उतार केवळ ब्रेकवर उतरवली तर ५८८६ किलोजूल, म्हणजे ताशी ८० वरून लागोपाठ बारा वेळा थांबण्याइतकी, आणि तीही मंद वेगात, जेव्हा डिस्कला वारा लागत नाही. लो रेंजचा (फोर-व्हील ड्राइव्ह गाडीतली जास्त जोराची, हळू गिअरजोडी) पहिला गिअर हा म्हणूनच सगळ्यात स्वस्त ब्रेक आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, तर ३.७ टक्के पाणी मुरल्यावर किमान १५५ अंश. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल थेट तळाला जातं. पाण्यातून वारंवार जाणाऱ्या गाडीचं ऑइल वर्षातून एकदा तरी बदलावं. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळू नये, डॉट ५.१ हा वेगळा, चालणारा प्रकार आहे.

जोडणीत काय चुकतं? सगळ्यात सामान्य चूक म्हणजे डावा आणि उजवा कॅलिपर अदलाबदल होणं. मग हवा काढायचा निपल खाली येतो, बुडबुडा वरच अडकतो, आणि लिटरभर ऑइल घालवूनही पेडल मऊच राहतं. निपल नेहमी वरच्या टोकाला हवा. हबवरचा (डिस्क आणि चाक बसतात तो मधला भाग) गंज तारेच्या ब्रशने घासून काढावा, नाहीतर डिस्क तिरकी बसते. होजच्या, म्हणजे ऑइलच्या लवचिक नळीच्या, बोल्टला तांब्याचे वॉशर दर वेळी नवे. कॅलिपरच्या सरकत्या पिनांना सिलिकॉन ग्रीसच. साध्या ग्रीसने रबर फुगतं. गाडी कायमची उंच करून घेतली असेल तर चाक पूर्ण लोंबकळत ठेवून आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून होज ताणला जातोय का ते पाहावं.

मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला, भारानुसार मागचे ब्रेक कमी-जास्त करणारा भारमापक व्हॉल्व्ह असेल तर त्याच्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. गाडी उंच केली की ॲक्सल दूर जातो, व्हॉल्व्ह गाडी रिकामी आहे असं समजतो आणि मागचे ब्रेक कमी करतो. दांडीचा ब्रॅकेट तेवढाच सरकवावा, पण अंदाजाने जास्त नको, कारण मागची चाकं आधी अडली तर गाडी फिरते.

नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १० पर्यंत, मध्यम जोराने, आठ-दहा वेळा वेग उतरवावा. मध्ये पूर्ण थांबू नये. तापलेला पॅड एका जागी दाबून राहिला की त्याचा ठसा डिस्कवर उमटतो आणि पुढे पेडल थरथरतं. मग दहा मिनिटं शक्यतो ब्रेक न वापरता गाडी चालवून डिस्क गार होऊ द्यावी. खडबडीत वाटेवरून आल्यावर पेडल पहिल्यांदा खोल गेलं आणि दुसऱ्यांदा वर अडलं, तर आधी चाकाचं बेअरिंग हलवून पाहा: ढिल्या बेअरिंगवर डिस्क डुलते आणि पिस्टन मागे ढकलते.