सीबीसी नॉर्मल आली म्हणजे ल्युकेमिया गेला?

मिरजेत दवाखान्याबाहेरच्या टपरीवर हमखास कानावर पडणारं वाक्य: "पांढऱ्या पेशी नॉर्मल आल्यात, आता ती महागडी पीसीआर कशाला? गोळी बंद केली तरी चालतंय की." सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या बाबतीत हे साफ चूक आहे.

इमॅटिनिब ही सीएमएलची गोळी सुरू केल्यावर बहुतेकांच्या पेशी काही आठवड्यांतच ताळ्यावर येतात. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, पांढऱ्या पेशी 7,200 दिसल्या की घरात पेढे. पण त्याच रक्तात बीसीआर-एबीएल हा रोगाचा जनुक शिल्लक असू शकतो आणि सीबीसीला तो दिसतच नाही. पीसीआर या जनुक शोधणाऱ्या तपासणीला दिसतो. त्यासाठी हाताच्या शिरेतलं रक्त पुरतं, दर वेळी कमरेच्या हाडात सुई घालत नाहीत. सुरुवातीला दर 3 महिन्यांनी करायची. रिपोर्टवर 'आयएस' (आंतरराष्ट्रीय मोजपट्टी) पुढचा टक्का बघा: 3 महिन्यांनी 10 किंवा कमी, वर्षभरात 0.1 किंवा कमी, ही अपेक्षा. आकडा चढू लागला तर गोळ्या चुकतायत की औषध लागू पडेनासं झालंय, हे वेळेत शोधता येतं.

खर्चाची तक्रार मात्र खरी. 2013 साली सुप्रीम कोर्टाने ग्लिवेकचं, म्हणजे इमॅटिनिबच्या मूळ ब्रँडचं, पेटंट नाकारलं, स्वस्त जेनेरिक गोळ्यांची वाट मोकळी राहिली; तपासणी अजून अनेकांना जड जाते. टीबीच्या तपासणीसाठी वापरल्या जाणाऱ्या जीनएक्सपर्ट यंत्रावर चालणारी बीसीआर-एबीएलची कार्ट्रिजही मिळते, म्हणजे ही पीसीआर त्या यंत्रावरही होते.

गोळी कधीच थांबत नाही असं नाही. काहींची थांबते, कित्येक वर्षं आकडा तळाला राहिल्यावर, डॉक्टरांनी सांगितलं तरच. आणि थांबवल्यावर पीसीआर उलट जास्त वेळा करावी लागते, सुरुवातीला दर महिन्याला.