नवी मत्स्यटाकी सायकल करणे : अमोनियाचे नियंत्रण

गोड्या पाण्याच्या नव्या टाकीत अमोनियाचे रूपांतर करणाऱ्या सूक्ष्मजीवांची वस्ती वाढवण्याच्या प्रक्रियेला मासे पाळणारे ‘टाकी सायकल करणे’ म्हणतात. माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या खाद्यातून पाण्यात अमोनिया येतो. सूक्ष्मजीवांचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट माशांना विषारी असतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य, आणि पाणी बदलून ते कमी करता येते. दुसरे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा हे जीवाणू करतात. त्यांतील काही दोन्ही पायऱ्या एकट्याने पार पाडतात, हे २०१५ मध्ये उघड झाले. ही वस्ती पाण्यात नसते, ती स्पंज, सिरॅमिक रिंग आणि रेतीला चिकटून असते. म्हणून पाणी बदलल्याने ती जात नाही; स्पंज नळाखाली धुतला तर मात्र क्लोरीनने मरते.

बाजारातील द्रवरूप चाचणीसंच एकूण अमोनिया दाखवतो. त्यातला विषारी भाग म्हणजे मुक्त अमोनिया. उरलेला अमोनियम आयनाच्या रूपात बराच निरुपद्रवी असतो. २५° से. तापमानाला पीएच (पाणी आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) ७ असताना मुक्त भाग सुमारे ०.६ टक्के, पीएच ८ असताना ५ टक्क्यांहून थोडा अधिक. पीएच न पाहता नुसता अमोनियाचा आकडा वाचणे म्हणूनच अपुरे ठरते.

मासे न सोडता टाकी सायकल करणे सर्वांत चांगले. पाण्यातील क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने (हायपो) घालवावे, फिल्टर चोवीस तास चालू ठेवावा, तापमान २६ ते २८° से. राखावे. मग एकूण अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅम होईल इतके अमोनियम क्लोराइड घालावे. १०० लिटरला ०.६३ ग्रॅम पुरते. स्वयंपाकघरातील काट्यावर इतके वजन नीट होत नाही, म्हणून ६.३ ग्रॅम विरघळवून ५०० मिलि. द्रावण करावे आणि त्यातले ५० मिलि. वापरावे. कल्हईचा नवसागर हाच पदार्थ आहे, पण त्याच्या शुद्धतेची खात्री नसल्याने प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्यावा. घरगुती अमोनिया वापरायचा तर बाटली हलवून पाहावी. फेस टिकला तर त्यात साबणद्रव्य आहे, तो टाकीत घालू नये.

अमोनिया शून्याजवळ आला की पुढची मात्रा द्यायची. ५ मिलिग्रॅमच्या वर नेल्यास काम लवकर होत नाही, उलट नायट्राइट खाणारे जीवाणू दबतात. शिवाय २ मिलिग्रॅम अमोनियापासून सुमारे ५.४ मिलिग्रॅम नायट्राइट बनते. त्यामुळे तीन-चार मात्रांत नायट्राइट रंगपट्टीच्या बाहेर जाते आणि चाचणी काही सांगेनाशी होते. अशा वेळी निम्मे पाणी बदलून मात्रा अर्धी करावी.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आकडे जागच्या जागी थांबले की बहुतेक जण जीवाणूंच्या नव्या बाटल्या आणतात. दोष बहुधा क्षारतेचा, म्हणजे आम्ल शोषून पीएच टिकवणाऱ्या पाण्यातील साठ्याचा, असतो. या प्रक्रियेत आम्ल तयार होते. २ मिलिग्रॅमची प्रत्येक मात्रा लिटरमागे सुमारे १२ मिलिग्रॅम क्षारता (कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात) संपवते. मुंबईच्या तलावांच्या मऊ पाण्यात हा साठा लवकर आटतो. बेसॉल्ट खडकातील बोअरवेलच्या कठीण पाण्यात ही अडचण सहसा येत नाही. पीएच ६.५ च्या खाली गेला की वेग घटतो, ६ च्या आसपास काम जवळपास थांबते. १०० लिटरला ३ ग्रॅम खाण्याचा सोडा घातल्यास क्षारता सुमारे १८ मिलिग्रॅमने वाढते.

हा उपाय मासे असलेल्या टाकीत जपून करावा. पीएच खाली असताना साठलेला अमोनियम सोडा घातल्याने किंवा एकदम बरेच कठीण पाणी ओतल्याने मुक्त अमोनियात बदलतो आणि काही तासांत मासे मरतात. आधी अमोनिया मोजावा, नंतर थोडे थोडे पाणी बदलत तो उतरवावा.

मासे आधीच सोडले असतील तर रोज चाचणी घ्यावी, खाद्य दिवसाआड चिमूटभर द्यावे. पीएच ७.५ च्या वर असून एकूण अमोनिया ०.५ मिलिग्रॅम ओलांडत असेल तर ३० ते ५० टक्के पाणी बदलावे. नायट्राइट रक्तातील प्राणवायूची वहनक्षमता घटवते. १०० लिटरला १० ग्रॅम खडे मीठ विरघळवून घातल्यास त्यातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

पहिल्या आठवड्यातील दुधाळ पाणी हा वेगळ्याच जीवाणूंचा बहर असतो. तो आपोआप निवळतो. जुन्या निरोगी टाकीतील वापरता स्पंज नव्या फिल्टरमध्ये ठेवल्यास चार ते सहा आठवड्यांचे काम एक-दोन आठवड्यांत होते. मात्र तो वाटेत वाळू देऊ नये. वीज गेल्यावर कॅनिस्टर फिल्टरमधील (टाकीबाहेरच्या बंद डब्याच्या फिल्टरमधील) प्राणवायू संपतो, तेव्हा त्याचे झाकण उघडून माध्यम (स्पंज, रिंग) टाकीच्या पाण्यात ठेवावे.

२ मिलिग्रॅमची मात्रा दिल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच झाले, तर टाकी तयार. साठलेले नायट्रेट काढण्यासाठी ७० ते ८० टक्के पाणी बदलावे आणि मासे त्याच दिवशी सोडावेत. उशीर होणार असेल तर रोज अर्धी मात्रा चालू ठेवावी.