चालणं थांबलं, व्यायाम नाही
‘चालता येत नाही? मग व्यायाम विसरा, आराम करा.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय, बहुतेकदा काळजीपोटीच. पण हृदय पावलं मोजत नाही. स्नायू काम करू लागले की त्यांना जास्त रक्त लागतं, मग ते हात असोत वा पाय. गिरगावच्या लिफ्ट नसलेल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर अडकलेल्या आजीही खुर्चीत बसून पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलू शकतात.

पडताळा सोपा: व्यायामाआधी आणि नंतर मनगटावर नाडी मोजा, ती वाढलेली दिसेल. नाडी मंदावणारी औषधं चालू असतील, तर श्वास बघा. बोलता येतं पण गाता येत नाही, इतका दम म्हणजे मध्यम व्यायाम. उलट, सतत पडून राहिल्यानेच स्नायू अशक्त होतात. हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखलं की लगेच थांबा.